अॅडल्ट कथा चोरीला गेली, चोर म्हणतो "अश्लील गोष्टीला कॉपीराइटच नसतो". खरं आहे का हे?

रातराणी_लिहिते

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, लिहायची वेळ पहिल्यांदाच आलीये आणि विषय असा आहे की घरात कुणाला विचारायची सोय नाही, म्हणून इथे विचारते.

मी टोपणनावाने प्रौढांसाठी कथा लिहिते. शृंगारिक, मोकळ्या, काही प्रसंग अगदी उघड. सहा वर्षं झाली. त्यातली एक दीर्घकथा अकरा भागांची आहे, तिला मला वर्ष लागलं, रात्री सगळे झोपले की लिहायचे, कधी चारच ओळी व्हायच्या आणि त्याही दुसऱ्या दिवशी खोडायचे. महिन्यापूर्वी एका वाचकाने लिंक पाठवली. एका ऑडिओ चॅनलवर माझी अख्खी कथा, मशीनच्या आवाजात. माझं टोपणनावसुद्धा कुठे नाही, आणि पुढचे भाग ऐकायचे तर पैसे भरून मेंबर व्हा म्हणे.

पहिल्या मिनिटातच कळलं की माझीच आहे. तरी शेवटपर्यंत ऐकलं. नायिकेचं नाव मी आधी सुलभा ठेवलं होतं, नंतर बदलून नंदिनी केलं, पण चौथ्या भागात एका वाक्यात सुलभा तसंच राहून गेलं, आजवर एकाही वाचकाने ते दाखवलं नव्हतं. ऑडिओत बरोब्बर त्याच वाक्यात तो आवाज "सुलभा" म्हणतो. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी मी "क्रमशः" लिहिते, तर त्यांनी सगळे भाग जोडून सलग केलेत आणि एका फार हळव्या प्रसंगानंतर तो आवाज त्याच सुरात "क्रमशः" म्हणतो आणि लगेच पुढच्या वाक्याला लागतो. तिथे मला रडू आलं, खरं सांगते.

चॅनलवाल्याला मेसेज केला, नीट शब्दांत, की ही माझी कथा आहे, काढून टाका. त्याचं उत्तर आलं की अश्लील गोष्टीला कॉपीराइट नसतो, कोर्टात जाऊन काय सांगणार, ही घाण माझी आहे म्हणून? हिंमत असेल तर खऱ्या नावाने तक्रार करा.

तर मला दोन गोष्टी कळायला हव्यात. एक, अॅडल्ट मजकूर आहे म्हणून कायदा माझा हक्क खरंच मानत नाही का. आणि दोन, हक्क असलाच तर खरं नाव उघड न करता काही करता येतं का. तो माणूस माझ्या लिखाणाला काहीही म्हणो पण ते माझं आहे, आणि हे मला कुणीतरी स्पष्ट सांगावं असं फार वाटतंय.

वाचनवेडा

ताई वाईट वाटलं वाचून. मला कायद्यातलं खोलात माहीत नाही पण एक शंका येते ती मांडतो, राग मानू नका. जी गोष्ट विकणं किंवा पसरवणं हाच गुन्हा आहे तिच्यावर हक्क कसा सांगायचा? म्हणजे बेकायदा धंद्यातले पैसे बुडाले म्हणून कुणी कोर्टात गेलं तर कोर्ट दारातूनच परत पाठवतं असं ऐकून आहे. मग इथेही तेच लागू होत असेल ना? तुमच्या कथा त्या प्रकारात मोडतात असं माझं म्हणणं नाही, पण समोरचा हेच बोलणार.

काळा_कोट

वकिली करतो, कॉपीराइटची कामं बऱ्यापैकी केली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हक्क आहे. कॉपीराइट मिळायला कृती स्वतःच्या डोक्यातून आलेली हवी आणि कुठल्यातरी रूपात उतरलेली हवी, एवढंच लागतं. ती सभ्य आहे का, घरच्यांसमोर वाचता येते का, हे कायदा विचारत नाही. नोंदणीही लागत नाही, १८८६च्या बर्न कराराच्या चौकटीत जगातले जवळजवळ सगळे देश आहेत आणि त्यात स्पष्ट आहे की हक्कासाठी कुठलाही सोपस्कार करायची अट घालता येणार नाही. तुम्ही शेवटचं वाक्य लिहिलंत त्या रात्रीच हक्क तुमचा झाला.

वाचनवेडा यांची शंका मात्र चुकीची नाही, अनेक देशांतली कोर्टं त्यावर भांडली आहेत. पण त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. एखादी गोष्ट वाटायची परवानगी आहे का, हा एक. आणि ती दुसऱ्याने चोरली तर अडवायचा अधिकार कुणाला, हा दुसरा. बर्न कराराच्या १७व्या कलमात सरकारांना एखादी कृती दाखवायला किंवा विकायला बंदी घालायची मुभा दिलेली आहे. पण विक्री अडवली म्हणजे मालकी पुसली गेली असं होत नाही. चीनच्या कायद्यात नेमकं हेच गुंतलं होतं, त्यांच्या जुन्या कलम ४मध्ये लिहिलेलं होतं की ज्या कृतींच्या प्रकाशनाला कायद्याने मनाई आहे त्यांना संरक्षणच नाही. त्यावर अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली, २००९मध्ये निकाल चीनच्या विरोधात लागला, म्हणजे सेन्सॉर करा पण त्या नावाखाली कॉपीराइट नाकारू नका, आणि २०१०मध्ये चीनने ते कलम बदललं.

अमेरिकेतला पायाचा निकाल १९७९चा आहे, मिचेल ब्रदर्स विरुद्ध सिनेमा अॅडल्ट थिएटर. एका थिएटरने एका अॅडल्ट सिनेमाची प्रिंट परवानगीशिवाय दाखवली, निर्मात्यांनी दावा लावला आणि थिएटरने कोर्टात सांगितलं की हा सिनेमा अश्लील आहे म्हणून याला कॉपीराइटच नाही. तुमच्या चॅनलवाल्याचंच वाक्य आहे हे. खालच्या कोर्टाला ते पटलं पण पाचव्या सर्किटच्या (तिकडे अपील कोर्टाच्या विभागाला सर्किट म्हणतात) अपील कोर्टाने उलटवलं. त्यांचं म्हणणं होतं की संसदेने कायद्यात अश्लीलतेचा अपवाद कुठेच लिहिलेला नाही आणि तो आम्ही आमच्या मनाने घालणार नाही. १९८२मध्ये नवव्या सर्किटने जारटेक खटल्यात तीच वाट धरली. अमेरिकेचं कॉपीराइट ऑफिसही नोंदणीच्या वेळी कृती अश्लील आहे का हे तपासत बसत नाही.

सगळीकडे एकमत आहे असं मात्र समजू नका. १९९८मध्ये न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायाधीशाने चोरीच्या अॅडल्ट कॅसेटी जप्त करण्यासाठी कोर्टाची यंत्रणा वापरू द्यायला नकार दिला होता. तैवानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९मध्ये सरळ सांगितलं होतं की अश्लील चित्रफितींना संरक्षण नाही, आणि पुढे २०१४मध्ये तिथल्याच बौद्धिक संपदा कोर्टाने जपानी अॅडल्ट सिनेमांच्या बाबतीत म्हटलं की कल्पकता असेल तर संरक्षण आहे. दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१५मध्ये हक्क मान्य केला. म्हणजे एकंदरीत वारं तुमच्या बाजूने वाहतंय.

भारताचा १९५७चा कायदा काढला तर त्यातही कृती नीतिमान हवी असं कुठे लिहिलेलं नाही. पण इथे एक धोक्याचा कंदील आहे तो आत्ताच दाखवून ठेवतो. आयटी कायद्याचं कलम ६७ अश्लील मजकूर इंटरनेटवर टाकण्याबद्दल आहे आणि ६७अ उघड लैंगिक कृत्याच्या मजकुराबद्दल. तुमचा कॉपीराइट शाबूत असला तरी ही कलमं आपल्या जागी आहेतच. त्यामुळे तक्रार करण्याआधी आपलं लिखाण नेमकं कुठे बसतं हे एखाद्या वकिलाला दाखवा. शृंगारिक लिखाण म्हणजे आपोआप अश्लील असं नाही, पूर्ण कृती बघायची असते, एखादा परिच्छेद उचलून चालत नाही.

पुस्तककिडा

काळा कोट यांनी फार छान मांडलंय. मी थोडा इतिहास जोडतो कारण हा वाद दोनशे वर्षं जुना आहे आणि त्यातून जे दिसतं ते रातराणीताईंनी त्या माणसाला ऐकवण्यासारखं आहे.

"वाईट पुस्तकाला मालक नाही" हा विचार इंग्लंडमधून आला, लॉर्ड एल्डन नावाच्या न्यायाधीशांकडून. १८१७ची गोष्ट. रॉबर्ट साउदी हा कवी तेव्हा राजकवी झालेला होता, राजाच्या बाजूचा माणूस. तरुणपणी त्याने एक बंडखोर काव्यनाट्य लिहून ठेवलेलं, ते हस्तलिखित कुणाच्या तरी हाती लागलं आणि त्याला न विचारता छापलं गेलं. साउदी कोर्टात गेला, थांबवा म्हणाला. एल्डन म्हणाले की लिखाण जर समाजाला घातक असेल तर त्यावर हक्क सांगता येत नाही, मी मनाई हुकूम देणार नाही. परिणाम काय झाला असेल विचार करा. ज्याला हवं त्याने ते छापलं, स्वस्तात विकलं, आणि जे पुस्तक घातक म्हणून कोर्टाने हात झटकले तेच घरोघरी गेलं. बायरनच्या एका नाटकाच्या बाबतीत १८२२मध्ये पुन्हा तसंच झालं.

मला यात सगळ्यात लागलेली गोष्ट ही आहे की नकार देणाऱ्याला वाटत होतं आपण समाजाला वाचवतोय आणि प्रत्यक्षात त्याने चोरांना छापखाना मोकळा करून दिला. लेखकाच्या हातात हक्क असता तर निदान एक माणूस तरी होता जो ते थांबवू शकला असता.

आणि ताई, तुमच्या प्रकरणाच्या सगळ्यात जवळचा खटला म्हणजे १९१६च्या निकालसंग्रहात छापलेला ग्लिन विरुद्ध वेस्टन फीचर फिल्म. एलिनॉर ग्लिन या लेखिकेची एक प्रेमकादंबरी होती, त्या काळात बरीच धीट समजली गेलेली, एका फिल्म कंपनीने तिची विडंबन फिल्म केली, ती कोर्टात गेली. न्यायाधीश यंगर यांनी सांगितलं की मुळात पुरेशी नक्कलच झालेली नाही, आणि वर हेही की कादंबरी अनैतिक आहे, अशा कृतीला हे कोर्ट संरक्षण देणार नाही. तो दुसरा भाग इंग्लंडमध्ये अजून पूर्ण पुसला गेलेला नाही, वकील मंडळी आजही त्याचा दाखला काढतात. पण शंभर वर्षांपूर्वी जी कादंबरी अनैतिक वाटली ती आज कुणी हातात घेतली तर त्यात काय होतं असं विचारेल. कुणाच्या काळातल्या लाजेवर कुणाच्या मालकीचा निर्णय करायचा, हा मला खरा प्रश्न वाटतो.

रातराणी_लिहिते

तुम्हा दोघांचे किती आभार मानू कळत नाही. काल रात्री हे दोनदा वाचलं. साउदीची गोष्ट वाचून फार धीर आला.

पण काळा कोट दादा, माझा दुसरा प्रश्न राहिला. तो माणूस मला खऱ्या नावाने तक्रार करा म्हणतो ते उगाच नाही म्हणत, त्याला माहितीये की मी ते करणार नाही. मी नोकरी करते, सासरी एकत्र राहते. माझं नाव या कथांना जोडलं गेलं तर कथा परत मिळून मला काय मिळणार? टोपणनावाने लिहिलं म्हणजे हक्क कमी होतो का? आणि तक्रारीत नाव द्यावंच लागतं का?

काळा_कोट

टोपणनावाने हक्क कमी होत नाही. बर्न करारातच टोपणनावाच्या कृतींची वेगळी सोय आहे, फरक पडतो तो मुदतीत. खऱ्या नावाने लिहिलं तर मुदत लेखकाच्या मृत्यूपासून मोजतात, टोपणनावाचं साधारण प्रकाशनापासून, भारतात त्यानंतर ६० वर्षं, अमेरिकेत प्रकाशनापासून ९५ किंवा लिहिल्यापासून १२० यातलं जे आधी संपेल ते. तुमच्या आमच्या हयातीत याने काही बिघडत नाही.

आता नावाचं. बहुतेक मोठे प्लॅटफॉर्म अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए कायद्याच्या पद्धतीने चालतात, म्हणजे तुम्ही नोटीस पाठवायची, त्यांनी मजकूर काढायचा. त्या नोटिशीत सही, पत्ता, फोन, ईमेल मागतात आणि ती बऱ्याचदा समोरच्याला जशीच्या तशी जाते. त्यात भर म्हणजे काही कंपन्या आलेल्या नोटिशी लुमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहाला पाठवतात, तिथे कुणीही शोधू शकतं. म्हणजे तुमची भीती खरी आहे, आणि तुमच्यासारख्या अनेक लेखिका, फोटो मॉडेल, स्वतःचे व्हिडिओ करणाऱ्या बायका याच एका कारणासाठी गप्प बसतात. चोराला कायदा माहीत नसतो पण हे बरोबर माहीत असतं.

पण त्याच कायद्यात वाट आहे. नोटीस मालकानेच पाठवायला हवी असं नाही, मालकाने अधिकार दिलेला कुणीही पाठवू शकतो. म्हणजे वकील किंवा या कामाची एजन्सी. सही त्यांची, पत्ता त्यांचा, हक्क सांगायचा तो टोपणनावाच्या लेखिकेचा. तुमच्याकडून वकिलाला एक साधं अधिकारपत्र लागेल, ते त्याच्या फाईलमध्ये राहतं. मी स्वतः अशा नोटिशी पाठवल्या आहेत.

समोरच्याने उलट नोटीस दिली की हे माझंच आहे, तर मात्र जरा पेच येतो. मग तुम्ही कोर्टात दावा लावल्याचं कळवलं नाही तर प्लॅटफॉर्म साधारण १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत चढवतो. पण उलट नोटीस देताना त्यालाही स्वतःचं नाव, पत्ता द्यावा लागतो, खोटं बोलत नाही असं शपथेवर लिहावं लागतं आणि कोर्टाचा अधिकार मान्य करावा लागतो. खोटं निघालं तर तो अडकतो. दुसऱ्याला खऱ्या नावाची हिंमत दाखवायला सांगणारे तिथे पोचले की बहुतेक वेळा गप्प होतात, हा माझा अनुभव.

पुरावा आजच गोळा करा, उद्यावर टाकू नका. त्या पानांचे स्क्रीनशॉट तारखेसकट, ऑडिओ उतरवून ठेवा, मेंबरशिप मागतात ते पान, त्याचे मेसेज. तुमच्या बाजूने कथेचे मूळ मसुदे, फाईल कधी बनली त्या तारखा, ज्या साइटवर भाग टाकलेत तिथल्या तारखा. स्वतःलाच ईमेल करून ठेवला की कॉपीराइट मिळतो असं लोक सांगतात, तसं काही नसतं, तो फक्त तारखेचा एक पुरावा. आणि ते सुलभा-नंदिनी! ताई ते तुम्ही रडत ऐकलंत पण त्याच्याइतका भक्कम पुरावा मी फार कमी वेळा पाहिलाय. त्याने स्वतंत्रपणे लिहिली असती तर तुमची चूक त्याच्या तोंडी आली कुठून? ते वाक्य, ऑडिओतली वेळ, आणि तुमच्या फाईलमधली ओळ शेजारी शेजारी ठेवा. "क्रमशः" सुद्धा.

आवाज मशीनचा आहे म्हणून त्याला वेगळं काही केल्याचं श्रेय मिळत नाही. लिहिलेली कथा वाचून ध्वनिमुद्रित करायची आणि लोकांपर्यंत पोचवायची हे दोन्ही हक्क लेखिकेचेच. कल्पना मात्र कुणाच्या मालकीची नसते, उद्या कुणी तशाच कथानकावर आपल्या शब्दांत कथा लिहिली तर अडवता येणार नाही. इथे शब्द न् शब्द उचललाय, तो प्रश्नच नाही.

नाव_नको

धागा वाचून धीर करून विचारते, माझं प्रकरण कथेचं नाही. आधीच्या नात्यात असताना त्याने माझे काही फोटो काढले होते, माझ्या संमतीने, तेव्हा विश्वास होता. आता ते एका साइटवर आहेत. फोटोत मी आहे म्हणजे कॉपीराइट माझा ना? तशी तक्रार केली तर त्यांनी उत्तर दिलं की तुम्ही हक्काचे मालक आहात हे सिद्ध करा. शरीर माझं आहे आणि मीच मालक नाही असं कसं असू शकतं, मला हे पचतच नाहीये.

स्थिरचित्र

नाव नको ताई, मी फोटोग्राफर आहे, माणसांचे, नग्न अभ्यासाचेही फोटो काढतो, त्यामुळे हा प्रश्न रोजचा आहे. तुम्हाला जे पचत नाहीये ते मलाही कधी पटलेलं नाही, पण कायदा असा आहे की फोटोचा कॉपीराइट साधारणपणे ज्याने फोटो काढला त्याचा, फोटोत जो आहे त्याचा नाही. सेल्फी असेल तर तुमचा, मग सरळ डीएमसीए चालतं. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा नियम देशागणिक बदलतो, भारतात वेगळा करार नसेल तर काढून घेणाऱ्याचा असतो, अमेरिकेत बहुतेक वेळा फोटोग्राफरकडेच राहतो. पण तुमच्या बाबतीत तो म्हणेल मी काढले, माझे आहेत, आणि कॉपीराइटच्या भाषेत त्याचं खरं ठरेल.

म्हणून कृपा करून कॉपीराइटच्या दारात ताटकळत बसू नका, तुमचं दार वेगळं आहे आणि ते जास्त मजबूत आहे. संमतीशिवाय खासगी फोटो पसरवणं हा गुन्हा आहे आणि तिथे फोटो कुणी काढला हे कुणी विचारत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७मध्ये स्पष्टीकरण आहे की बाईने फोटो काढायला संमती दिली असेल पण तिसऱ्याला दाखवायला दिली नसेल तर पसरवणं गुन्ह्यातच मोडतं. तुम्ही "माझ्या संमतीने" असं जे दोष घेतल्यासारखं लिहिलंय ना, त्याची गरज नाही. आयटी कायद्याचं कलम ६६ई पण आहे. अमेरिकेत २०२५मध्ये टेक इट डाउन कायदा आला, वैध तक्रार आल्यावर प्लॅटफॉर्मने ४८ तासांत असे फोटो काढून टाकायचे, आणि एआयने बनवलेले खोटे फोटोही त्यात धरलेत. तेव्हा साइटला परत लिहिताना कॉपीराइट हा शब्दच घालू नका, संमतीशिवाय टाकलेला खासगी फोटो असं लिहा, मग मालकी सिद्ध करा हा प्रश्न ते विचारू शकत नाहीत.

अजून एक, स्टॉप-एनसीआयआय नावाची मोफत सेवा आहे, १८च्या वरच्यांसाठी. फोटो त्यांना पाठवायचा नसतो, तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी प्लॅटफॉर्मकडे जातो, तसा फोटो कुणी चढवायला गेलं की ओळखला जातो. आणि हे सगळ्यांसाठी, फोटोतली व्यक्ती १८च्या आतली असेल किंवा फोटो काढला तेव्हा असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, पुरावा म्हणूनसुद्धा ती फाईल उतरवून घेऊ नका, पुढे पाठवू नका, थेट पोलीस.

नाव_नको

खूप खूप आभार दादा. वेगळं दार आहे हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

वाचनवेडा

मी वर शंका काढली होती, आता पूर्ण पटलं. पण मग एक विचार येतो. हा हक्क इतका मजबूत आहे तर त्याचा गैरवापरही होत असणार ना? म्हणजे लोकांना लाजेची भीती दाखवून पैसे काढायला हे उत्तम साधन आहे.

पुस्तककिडा

होतो, आणि फार मोठ्या प्रमाणात झालाय. अमेरिकेच्या फेडरल कोर्टांत अलीकडच्या वर्षांत सगळ्यात जास्त कॉपीराइट दावे लावणारी कंपनी अॅडल्ट फिल्मवालीच आहे, स्ट्राइक थ्री होल्डिंग्ज. पद्धत अशी की टॉरेंटवर, म्हणजे लोक आपसांत फाईली वाटतात त्या जाळ्यावर, फिल्म उतरवलेल्या आयपी पत्त्यांवर (इंटरनेट जोडणीचा आकडी पत्ता) दावा लावायचा, कोर्टाकडून नाव मिळवायचं, मग तडजोडीची बोलणी. माणूस निर्दोष असला तरी नाव बाहेर यायच्या भीतीने पैसे देऊन मोकळा होतो. २०१८मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या एका फेडरल न्यायाधीशांनी अशी नाव शोधायची परवानगी नाकारली, फार कडक शब्द वापरले, पण २०२०मध्ये अपील कोर्टाने ते उलटवलं आणि कारण लक्षात घ्या, फिल्म कसली आहे यावरून हक्कदाराला वेगळी वागणूक देता येणार नाही.

प्रेंडा लॉ नावाच्या अमेरिकन वकिली फर्मचं प्रकरण त्याहून वाईट. त्या वकिलांनी अॅडल्ट फिल्म स्वतःच टॉरेंटवर चढवल्या आणि ज्यांनी उतरवल्या त्यांच्याकडून पैसे उकळले. २०१९मध्ये दोघांना शिक्षा झाली, एकाला १४ वर्षं, दुसऱ्याला ५.

जर्मनीतला एक निकालही सांगतो, म्युनिकचं कोर्ट, २०१३. तिथे दोन अॅडल्ट फिल्मना सिनेमा म्हणून संरक्षण नाकारलं, पण अश्लील आहेत म्हणून नाही. कोर्ट म्हणालं यात नुसती क्रिया चित्रित केलीये, निर्मात्याची स्वतःची काही सर्जनशील भर नाही. मला हा निकाल अर्धाच पटतो, पण प्रश्न त्यांनी बरोबर विचारला, की यात कुणाचं डोकं, कुणाची नजर दिसते का. रातराणीताईंनी वर्षभर खोडून खोडून लिहिलेल्या कथेला हा प्रश्न कुणीही विचारावा, तिथे काही अडणार नाही.

रातराणी_लिहिते

अपडेट द्यायला आले. काळा कोट दादांनी सांगितल्याप्रमाणे एका वकीलबाईंकडे गेले. त्यांना पहिले तीन भाग छापून दिले, त्या समोर बसून वाचत होत्या तेव्हा मी खिडकीकडे बघत होते. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, छान लिहिता हो तुम्ही, आणि मग कागद काढून कामाला लागल्या. लिखाण तपासलं, एक-दोन ठिकाणी मूळ साइटवर वयाची सूचना ठळक करायला सांगितली, अधिकारपत्रावर सही घेतली.

नोटीस त्यांच्या नावाने गेली. हक्कदार म्हणून फक्त माझं टोपणनाव. सोबत दोन रकाने केले होते, डावीकडे माझ्या फाईलमधली चौथ्या भागातली ओळ, उजवीकडे ऑडिओतली वेळ आणि तेच वाक्य, दोन्हीकडे सुलभा अधोरेखित. नवव्या दिवशी सगळे अकरा भाग काढून टाकले गेले. उलट नोटीस आजपर्यंत आलेली नाही. आली तर काय करायचं ते वकीलबाईंशी बोलून ठेवलंय.

मूळ कथेत ते नाव दुरुस्त करायला फाईल उघडली होती. केलं नाही. सुलभा राहू दे तिथेच.

काळा_कोट

राहू दे. आणि ती फाईल तशीच्या तशी दुसरीकडेही जपून ठेवा, तारखा बदलू न देता.

नाव_नको

ताई फार बरं वाटलं. माझेही फोटो काल काढून टाकले त्यांनी. कॉपीराइट शब्द न घालता लिहिलं.